एक बोट बाकी

घराला भिंती कशासाठी असतात असं कुणालाही विचारलं तर तो छपराचा भार, वारापाऊस, शेजाऱ्यांची नजर असलं काहीतरी सांगेल. माझ्या व्याह्यांना विचारा. ते सांगतील की भिंत ही माणसाने पाठ लावून हात वर करण्यासाठी असते, बाकीचे उपयोग लोकांनी मागाहून शोधून काढले. अख्ख्या सोलापुरात भिंतीकडे या नजरेने बघणारा दुसरा माणूस नाही, आणि असलाच तर त्याच्या घरी कुणी आपली मुलगी दिलेली नसावी अशी माझी प्रार्थना आहे. मी दिली आहे. त्यामुळे मला बोलायची सोय नाही. हल्ली काळ बदलला, मुलीच्या बापाला पूर्वीसारखी मान खाली घालून उभं राहावं लागत नाही, असं सगळे म्हणतात. मी तर घालायला तयार होतो. पण आमच्या व्याह्यांना खाली घातलेली मान चालतच नाही. "पावणं, हनुवटी आत घ्या. डोस्कं भिंतीला लावा. जमिनीकडं काय बगताय, काय पडलंय का तुमचं?" असं ते मला माझ्याच घरात, माझ्याच भिंतीशी उभं करून विचारतात, आणि माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हसते.

माणूस तसा मोठा गोड. उंच, छातीने रुंद, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, अंगात कायम पांढरा सदरा. बाळी वेशीकडे त्यांचं कडक भाकरीचं आणि शेंगाचटणीचं दुकान आहे. चटणी अजून उखळातच कुटतात आणि मिक्सरचं नाव काढणाऱ्याला दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवतात. भांडताना कानडी, समजूत घालताना मराठी आणि व्यायाम शिकवताना दोन्ही, अशी त्यांची भाषेची वाटणी आहे. मला कानडी कळतं, बोलता येत नाही, आणि या गोष्टीचा ते पुरेपूर फायदा घेतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते मला सणावाराला भेटत, चटणीचा पुडा हातात ठेवत आणि 'या की एकदा दुकानाकडं' म्हणून निघून जात. तेव्हा माझा संसार सुखाचा होता. मग एके दिवशी वरच्या फळीवरची चटणीची बरणी काढायला त्यांनी उजवा हात उचलला आणि तो खांद्यापर्यंत जाऊन थांबला. खांदा आखडला होता. सदरा घालायलासुद्धा घरच्यांची मदत लागू लागली. आधी तेल झालं, मग शेक झाला, मग कुणीतरी सांगितलेला पाला झाला, आणि शेवटी मुलाने पुण्याहून फोनवर हट्ट धरल्यामुळे ते एका फिजिओथेरपीवाल्या बाईंकडे गेले. त्या बाईंनी महिनाभर हात हलवून दिला आणि निरोप देताना घरी करायला एक अगदी नवशिक्यांचा, बिनसाधनाचा व्यायाम शिकवला. त्या बाईंना मी अजून भेटलेलो नाही. भेटल्या तर मला एवढंच विचारायचं आहे की, बाई, समोर माणूस कोण आहे हे बघून तरी व्यायाम द्यायचा होता.

व्यायाम म्हणजे काय, तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. टाचा भिंतीपासून वीतभर पुढे. पाठ आणि डोकं भिंतीला. कोपरं खांद्यांच्या रेषेत वाकवायची, पंजे वर, मनगटांची मागची बाजू भिंतीला. मग श्वास सोडत हात भिंतीवरून हळूहळू वर सरकवायचे आणि तसेच हळूहळू खाली आणायचे. कंबर भिंतीपासून सुटू द्यायची नाही, खांदे कानाशी चढू द्यायचे नाहीत. वाचायला सोपं वाटतं. करून बघा. पहिल्यांदा केलं तेव्हा मला कळलं की मानेच्या खाली, दोन्ही खांद्यांच्या मधोमध आपल्या मालकीचा काही भाग आहे आणि तो गेली कित्येक वर्षं जागचा हललेला नाही. मी जन्मभर गणित शिकवलं. पेपर तपासताना जी पाठ वाकली ती निवृत्तीनंतर वर्तमानपत्र वाचताना तशीच राहिली, आणि माझी तिच्याबद्दल काही तक्रार नव्हती. व्याह्यांची होती. माझ्या कमरेमागे आपला पंजा आरपार सरकवून ते म्हणाले, "ह्यातनं मांजर जाईल की, पावणं." आणि मग ते शब्द आले, ज्यांच्या धाकाने मी हल्ली झोपेतून दचकतो: "इन्नू म्याले!" म्हणजे आणखी वर.

या व्यायामाला बाईंनी काहीतरी इंग्रजी नाव सांगितलं होतं. व्याह्यांनी ते टाकून देऊन त्याला नुसतं 'भिंत' म्हणायला सुरुवात केली. लोक भेटल्यावर जेवण झालं का विचारतात, हे 'भिंत झाली का?' विचारतात. दुकानात दोन मांडण्यांच्या मधली जागा त्यांनी मोकळी करून घेतली आहे. गिऱ्हाइकाने पावशेर चटणी मागितली की हे आधी त्याला हात वर करायला सांगतात, आणि हात कानामागे गेला नाही तर चटणी बांधायच्या आधी त्याला त्या जागेत उभं करतात. दिवसभर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणाऱ्या दोघीतिघी बायका तर आता भाकरी घ्यायच्या निमित्ताने येऊन भिंत करून जातात, भाकरी घेत नाहीत. आमची मुलगी पुण्यात संगणकापुढे बसून नोकरी करते. तिला रविवारी व्हिडिओ कॉल लावून हे भिंतीशी उभं करतात आणि इकडून ओरडतात. एकदा तिने मला फोन केला. मला वाटलं तक्रार करणार. म्हणाली, "बाबा, खरंच बरं वाटतं हो. तुम्ही त्यांना नाही म्हणू नका हं." सासरा सुनेवर इतकी माया करतो याचा आनंद मानावा की कपाळाला हात लावावा, हे मला कळेना.

कुठे काय करावं याचा पाचपोच या माणसाला नाही. माझ्या एका लांबच्या चुलतभावाची आई गेली तेव्हा आम्ही दोघे भेटायला गेलो होतो. घरात शांतता. भाऊ गुडघ्यात मान घालून बसलेला. तेवढ्यात व्याह्यांचा आवाज आला, "किती दिस असं बसलाय?" भाऊ म्हणाला, "गेल्यापासून असाच आहे." मी डोळ्यांनी खुणा करत होतो, त्यांचा उपयोग झाला नाही. थोड्याच वेळात हार घातलेल्या फोटोखाली भाऊ, भावाचा साडू आणि शेजारचे एक वकील असे तिघे ओळीने भिंतीला पाठ लावून उभे होते आणि व्याही त्यांच्यासमोर हात मागे बांधून फिरत होते. बायका पदराआडून बघत होत्या. मी चपला घालून बाहेर जाऊन उभा राहिलो. नंतर भावाने सांगितलं की आई गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा त्याला धड झोप लागली. तरीही माझं म्हणणं तेच आहे. सुतकाच्या घरी माणसाने सतरंजीवर बसावं आणि उठून यावं.

आणि बँकेची गोष्ट तर मी कुणाला सांगत नाही, कारण लोकांना ती खोटी वाटते. आम्ही पासबुक भरायला रांगेत उभे होतो. रांग हलत नव्हती. व्याह्यांना दोन पोस्टरांच्या मधे कोरी भिंत दिसली. ते जाऊन उभे राहिले, हात वर केले, डोळे मिटले, आणि खांदा दुखत असल्याने चेहरा कळवळलेला. दारातून एक बाई आत आल्या. त्यांनी भिंतीशी हात वर करून उभा असलेला, चेहरा पिळवटलेला माणूस पाहिला आणि पिशवी खाली टाकून आपलेही हात वर केले. त्यांच्या मागच्या गृहस्थांनी केले. रांगेतल्या चौघांनी केले. कॅशियर काउंटरखाली गेला. दाराशी पेंगत बसलेला पहारेकरी दुनळी बंदूक घेऊन उठला, पण ती कुणाकडे रोखायची हे त्याला समजेना, म्हणून शेवटी त्याने ती माझ्याकडे रोखली, कारण हात खाली असलेला मी एकटाच होतो. तेवढ्यात व्याह्यांनी डोळे उघडले. अर्धी बँक हात वर करून उभी आहे हे पाहून त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. "वा वा! पण कोपरं मागं घ्या की!" मॅनेजरच्या खोलीत बसून सगळा खुलासा मी केला. व्याही तोवर पहारेकऱ्याची पाठ तपासत होते.

हे सगळं मी सोसलं असतं. पण त्यांनी रोज सकाळी आमच्या घरी यायला सुरुवात केली. सकाळी सहाला बेल. थंडी असो, उन्हाळा असो, आमच्याकडे पाहुणे असोत. बेलवर बोट ठेवलं की दार उघडेपर्यंत काढायचं नाही ही त्यांची रीत. आले की खांद्याला कापूर घातलेलं तिळाचं तेल आणि डोक्याला खोबरेल थापलेलं. आमचा दिवाणखाना नुकताच पिस्ता रंगाने रंगवला होता. बायकोने चार दुकानं फिरून तो रंग निवडला होता. महिन्याभरात त्या भिंतीवर एक डोकं, दोन खांदे आणि दोन कोपरं अशी तेलाची माणसाएवढी आकृती उमटली. बायकोने त्यावर कॅलेंडर लावलं. दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी ते काढून खुर्चीवर ठेवलं. "अक्का, हे आडवं येतंय बगा." आणि हिने काय करावं? "अण्णा, थांबा, खिळाही काढून देते, लागेल तुम्हाला," म्हणाली. ज्या बाईने माझ्या ओल्या टॉवेलवरून तीस वर्षं माझं डोकं खाल्लं, ती!

बरं, आल्यावर नुसता आपला व्यायाम करून जावं, तेही नाही. भिंतीला पाठ लावली की आपलंच मनगट आपल्याला दिसत नाही. म्हणून ते उजवा हात वर करून उभे राहायचे आणि मला विचारायचे, "टेकलं का?" मी चष्मा लावून जवळ जायचो. मनगट आणि भिंत यांच्या मधे बोटं घालून बघायचो. उन्हाळ्यात माझी तीन बोटं सहज आत जात. "नाही टेकलं," मी म्हणायचो. "किती ऱ्हायलं?" "तीन बोटं." मग पुन्हा वर, पुन्हा खाली, पुन्हा "टेकलं का?" सकाळचा चहा गार व्हायचा, वर्तमानपत्र तसंच पडायचं, आणि मी, एक निवृत्त गणित शिक्षक, आपल्या व्याह्याच्या मनगटामागे बोटं घालून उभा. माझ्या मनगटाकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. माझी मान, माझी कंबर, माझं पोट, यांवर बारीक लक्ष. पण मोजायचं मनगट त्या खोलीत एकच होतं.

ते का, हे मला माहीत होतं, म्हणून तर तोंड उघडता येत नव्हतं. संक्रांतीला आमच्या सिद्धेश्वराची यात्रा भरते आणि मानाचे नंदीध्वज मिरवणुकीने निघतात. आम्ही त्यांना काठ्याच म्हणतो. गच्च्यांच्या वर जाणारी, सजवलेली उंच काठी. कमरेला बांधलेल्या पट्ट्यात तिचा बुंधा बसवून एक माणूस ती पेलत चालतो, हात उंच धरून तोल सांभाळतो, आणि दमला की दुसरा पुढे होतो. आमचे व्याही विशीपासून ती पेलत आले होते. त्यांच्या वडिलांनी पेलली होती. खांदा आखडल्यावर गेली यात्रा त्यांनी बाराबंदी, म्हणजे काठीवाल्यांचा पांढरा बंदांचा अंगरखा, घालून नुसतं कडेने चालत काढली, आणि घरी येऊन कुणाशी बोलले नाहीत. यंदा त्यांच्या काठीच्या वडीलधाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं होतं: हात पुरता वर जात असेल तर या, नाहीतर पट्टा पुतण्याला द्या, तो तिशीचा झाला, त्याने किती थांबायचं? व्याह्यांनी यावर भांडण केलं नाही. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवाल्याशी अर्धा तास भांडणारा हा माणूस म्हणाला, "बरोबर हाय. उजवं मनगट भिंतीला टेकंल त्या दिवशी काठीला हात लावीन. न्हायतर पट्टा सोडीन." मी त्यांना म्हटलं, एवढं कशाला मोजायचं, थोडं इकडेतिकडे झालं तर काय बिघडतं? ते माझ्याकडे बघतच राहिले. "खाली लेकरं-बाया उभ्या असत्यात, पावणं. हात अर्धा गेला आन काठी कलली तर? देवाची काठी हाय, पर पडताना ती कुणाला वळकत न्हाय."

हे सगळं खरं. पण त्यासाठी माझीच भिंत का? दिवाळीच्या फराळाच्या दिवशी मी शेवटी फुटलो. दारात पणती लावायच्या आधी बेल वाजली, तेल थापलेले खांदे आत आले, आणि नव्याने पुसून घेतलेल्या भिंतीवर पुन्हा ती आकृती उमटली. "अहो, तुमच्या घरी भिंती नाहीत का?" मी म्हणालो. म्हणालो म्हणजे ओरडलोच. स्वयंपाकघरात झारा खाली पडल्याचा आवाज आला. मुलीच्या बापाने व्याह्याला असं बोलायचं नसतं, हे मला त्याच क्षणी आठवलं. व्याह्यांनी हात सावकाश, व्यायामाच्या नियमाप्रमाणे, खाली आणले. खुर्चीवर बसले.

"भिंती हायत की," ते म्हणाले. "घरात हायत, दुकानात हायत. पर आमच्या घरच्या हिला इचारलं तर ती म्हणती टेकलं. दुकानातली माणसं म्हणत्यात, टेकलं मालक. पुतण्या तर मी भिंतीला जायच्या आधीच म्हणतो, काका टेकलं. सूनबाई तिकडनं फोनमधी टाळ्या वाजवती. सगळी मायेनं खोटं बोलत्यात. आन तुमी मास्तर. साडेचौतीसाला पस्तीस करत न्हवता म्हणं. आमच्या गल्लीत एक जण हाय, तुमच्यापायी गणितात नापास झाला. अजून शिव्या घालतो तुमाला. त्याच्याकडनं आइकलं तवाच म्हटलं, हे घर बरं हाय."

आयुष्यात माझं असं कौतुक कुणी केलं नव्हतं आणि इतक्या वाईट वेळी तर नाहीच. मी उठलो, चष्मा लावला आणि म्हणालो, "उभे राहा." त्या दिवशी दीड बोट बाकी होतं. चकली खाताना त्यांनी बायकोला विचारलं, "अक्का, भाजणी घरचीच न्हवं?" आणि जणू काही घडलंच नाही. दुसऱ्या दिवशी सहाला बेल वाजली. माझा वैताग तेवढाच होता, खोटं कशाला बोलू? भिंत तेलकट ती तेलकटच, वर्तमानपत्र न वाचलेलं ते न वाचलेलंच. फक्त मी सहाच्या आधी चष्मा पुसून ठेवायला लागलो.

थंडी पडली तसा काठीचा सराव सुरू झाला. संध्याकाळी सरावाची काठी घेऊन मंडळी रस्त्याने जायची. व्याही त्यांच्या मागून चालायचे, काठीला हात न लावता. सकाळी आमच्याकडे. दीड बोटाचं सव्वा झालं, सव्वाचं एक झालं, आणि ते एक बोट तिथेच अडून बसलं. त्यांनी गरम पाण्याच्या पिशव्या घेतल्या, दोनदा फिजिओच्या बाईंकडे जाऊन आले, कोपर भिंतीला घासून सोलून घेतलं. बोट हलेना. मला त्या बोटाचा राग यायला लागला. बायको देवापुढे काहीतरी पुटपुटायची, ते बहुधा त्या बोटाबद्दलच असावं.

शेवटी काठ्यांची माणसं ठरायच्या दिवशी सकाळी ते आले ते बाराबंदी घालूनच. अंघोळ झालेली, विभूती ताजी. त्या दिवशी बेल एकदाच, थोडकीच वाजली. तेल लावलं नव्हतं. भिंतीला पाठ लावली, हनुवटी आत, कंबर भिंतीला, हात हळूहळू वर गेले. डोळे मिटलेले. "बगा," म्हणाले. मी जवळ गेलो. दारात बायको उभी होती आणि माझ्याकडे अशा नजरेने बघत होती की मला तिचं म्हणणं न बोलता कळलं. आणि सांगून टाकतो, पेपर तपासण्याच्या सगळ्या वर्षांत जे कधी वाटलं नाही ते मला त्या क्षणी वाटलं. साडेचौतीसाचे पस्तीस करावेत, असं वाटलं. अर्धा गुण तो काय! मी बोट मनगटामागे घातलं. बोट आत गेलं. काढलं, पुन्हा घातलं. पुन्हा गेलं.

"एक बोट बाकी आहे," मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात खाली आणले, नेहमीसारखे, सावकाश. मग म्हणाले, "बरं झालं इचारलं." चहा घेतला. माझ्या पाठीबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तिथून ते थेट पुतण्याकडे गेले आणि स्वतःच्या हाताने त्याच्या कमरेला पट्टा बांधून आले, असं आम्हाला दुपारी कळलं. पुतण्या रडला, हे नाही रडले. माझी बायको संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही, आणि मला त्याचा राग आला नाही.

यात्रेत ते मला सोबत घेऊन गेले. आम्ही एका बंद दुकानाशेजारच्या भिंतीला लागून उभे होतो. गर्दी इतकी वाढली की आमच्या पाठी आपोआपच भिंतीला टेकल्या. काठ्या येताना दिसल्या. व्याह्यांची काठी वळणावर आली आणि जरा कलली. खालची माणसं 'अरे अरे' म्हणत मागे सरली. खाली पुतण्या होता, त्याचे हात खाली घसरत होते. व्याही इतक्या मोठ्याने ओरडले की माझा कान बंद झाला. "पाठ! हातानं नगं, पाठीनं धर! इन्नू म्याले!" पुतण्याने ते ऐकलं की नाही देव जाणे, पण त्याची छाती पुढे आली, हात वर सरकले, आणि काठी सरळ झाली. 'हर्र बोला हर्र'चा गजर उठला. सगळ्या रस्त्याचे हात वर गेले. व्याह्यांचेही गेले, भिंतीवरून, दोन्ही. डोळे काठीच्या टोकाला लागलेले, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. आणि मी, सवयीचा गुलाम, त्यांच्या उजव्या मनगटाकडे पाहिलं. मग बोट पुढे केलं. बोट जाईना. मी नखाने प्रयत्न केला. तेवढीही जागा नव्हती. मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, पण त्या गजरात त्यांना काही ऐकू गेलं नाही. काठी पुढे निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सहाच्या आधी उठून बसलो होतो. आता हे कशाला येतील, असं मी बायकोला म्हणत होतो. भिंतीला पुन्हा पिस्ता रंग द्यावा असंही म्हणालो. तिने चहाला तीन कप काढले. बेल वाजली आणि ती पुरती वाजायच्या आत मी दार उघडलं. तेल थापलेले खांदे आत आले, आपल्या आकृतीत जाऊन उभे राहिले. "टेकलं का?" मी बोट घातलं. ते आत गेलं.

"नाही," मी म्हणालो, आणि मग राहवलं नाही. "पण काल टेकलं होतं. मी बोट घालून बघितलं. पुरतं टेकलं होतं."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. हात वरच होते. "व्हय?" म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "काल मी हाताकडं बगत न्हवतो की."

खिडकीतून ऊन आत येत होतं. मला वाटलं आता ते खाली बसतील, काहीतरी बोलतील. म्हणून मीच घाईने म्हणालो, "आता पट्टा तर दिलात. आता रोज कशाला त्रास घेता?"

त्यांनी हात खाली आणले. बाजूला झाले आणि मला दंडाला धरून त्या तेलकट आकृतीत उभं केलं. माझे खांदे तिच्यात पार हरवले. हनुवटी आत, कंबर भिंतीला, हात वर. मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्या मनगटामागे आपली बोटं घातली. जाड, चटणीचा वास येणारी बोटं.

"न्हाय टेकलं," ते म्हणाले. "तुमचं दोन बोटं बाकी हाय, पावणं."

इतका वैताग दिलेल्या माणसाच्या तोंडून ते ऐकून मला जे वाटलं ते सांगायला लाज वाटते. रोज सकाळी बेल वाजत राहील एवढं मला समजलं. मी हात आणखी वर नेले.